संपादक कोण?

मराठी भाषेत ‘मत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एखाद्या गोष्टीविषयी मनुष्याच्या मनात जो विचार ठरलेला असतो, त्यास मत म्हणतात. आणि निवडणुकीत नागरिक जो कौल देतो, त्यासही मतच म्हणतात. हे दोन्ही अर्थ एकमेकांना अगदी लागून आहेत. पहिल्या प्रकारचे मत मनात घडते, दुसऱ्या प्रकारचे मत मतदानकेंद्रात नोंदले जाते. मनातील मत जसे घडले असेल, तसाच कौल पडावयाचा. म्हणून लोकशाही राज्यात मतदानाची व्यवस्था जितक्या काळजीने पाहावी लागते, तितक्याच काळजीने लोकांची मते कशी घडतात, हेही पाहावे लागते.

मनुष्याचे मत एकाएकी घडत नाही. घरातील वडील माणसांचे बोलणे, शाळेतील शिक्षण, गावच्या पारावरील गप्पा, बाजारात कानांवर पडणाऱ्या वार्ता आणि स्वतःला आलेले अनुभव या सर्वांचे थर मनावर हळूहळू बसत जातात. परंतु दूरच्या गोष्टींचा अनुभव प्रत्येकाला येऊ शकत नाही. संसदेत कोणता कायदा झाला, शेजारच्या राज्यात दंगा का उसळला, परदेशात युद्ध कशामुळे पेटले, हे दुसऱ्याने सांगितल्यावाचून कळत नाही. आणि जो सांगतो, त्याला जगातील सर्वच गोष्टी सांगता येत नाहीत; त्याला निवड करावी लागते. काय सांगावे, काय गाळावे, कशास पहिली जागा द्यावी आणि कशास शेवटची, हे ठरविणे म्हणजेच संपादन होय. लोकमत घडविण्यात बातमी लिहिणाऱ्याइतकाच बातमी निवडणाऱ्याचाही हात असतो.

महाराष्ट्रात हे काम प्रथम वृत्तपत्रांनी केले. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. पुढे जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ ही पत्रे निघाली. या पत्रांचे संपादक कोण, हे लोकांना ठाऊक होते. त्यांची मते कोणास पटत, कोणास पटत नसत. पण छापलेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची, याविषयी संशय नसे.

ही जबाबदारी किती कठोर असते, हे ‘केसरी’ सुरू झाल्यावर लवकरच दिसून आले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत आहे, अशा वार्ता त्या वेळी पसरल्या होत्या. त्या संबंधात संस्थानच्या दिवाणांस दोषी ठरविणारी काही पत्रे ‘केसरी’ व ‘मराठा’ यांच्याकडे आली व त्यांच्या आधारे मजकूर प्रसिद्ध झाला. दिवाणांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि खटल्यात ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांनी माफी मागितली. तरीही १८८२ साली दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. दोघांचा हेतू शुद्ध होता, तळमळ खरी होती. परंतु हेतू शुद्ध असल्याने बनावट पत्र खरे ठरत नाही. ही गोष्ट त्या दोघांनी स्वतः भोगून महाराष्ट्रास शिकविली.

पुढे १९०८ साली ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला व त्यांस सहा वर्षांची शिक्षा देण्यात आली. या वेळी मजकूर खोटा नव्हता. तो परकी सत्तेला अप्रिय होता. टिळकांनी लेखांची जबाबदारी झटकली नाही. त्यांस ब्रह्मदेशातील मंडाले येथील तुरुंगात ठेवण्यात आले. १९१४ साली सुटका होईपर्यंतचा काळ त्यांनी तेथे काढला आणि ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ तेथेच लिहिला. त्यामुळे मंडालेचे नाव मराठी घराघरांत परिचित झाले.

त्याच मंडाले शहरात टिळकांच्या सुटकेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे २०१४ साली, एक निराळी घटना घडली. छापलेल्या शब्दाला धनी असणे आणि नसणे यांतील अंतर तिच्यावरून स्पष्ट समजते.

ब्रह्मदेशात, ज्यास आता म्यानमार म्हणतात, १९६२ पासून लष्करी राजवट होती. वृत्तपत्रांतील मजकूर छापण्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांना दाखवावा लागे. ही पूर्वतपासणी २०१२ साली बंद झाली आणि खासगी दैनिके २०१३ साली पुन्हा निघू लागली. फोनची गोष्टही अशीच होती. एका सिमकार्डासाठी शेकडो डॉलर मोजावे लागत. ते श्रीमंतांनाच परवडे. २०१४ साली परदेशी कंपन्यांनी सेवा सुरू केली आणि तेच कार्ड दीड डॉलरच्या आसपास मिळू लागले. थोड्याच वर्षांत सुमारे पाच कोटी लोकवस्तीच्या त्या देशात फेसबुक वापरणाऱ्यांची संख्या दोन कोटींच्या घरात गेली. अनेकांच्या दृष्टीने फेसबुक म्हणजेच इंटरनेट होते. पन्नास वर्षे ज्यांच्या तोंडावर हात होता, त्यांस एकदम बोलावयास मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट होती. परंतु वर्तमानपत्र पारखून वाचण्याची सवय लागण्यापूर्वीच बातम्यांचा महापूर आला, ही त्या आनंदाची दुसरी बाजू होती.

२०१४ च्या जून महिन्याच्या अखेरीस फेसबुकवर एक वार्ता पसरली. मंडालेतील चहाच्या दुकानाच्या मुस्लिम मालकांनी आपल्या बौद्ध नोकर तरुणीवर अत्याचार केला, असे तीत म्हटले होते. अशिन विराथू या नावाच्या, मोठा अनुयायीवर्ग असलेल्या भिक्षूने ती पुढे पसरविली. १ जुलै रोजी त्या दुकानासमोर जमाव गोळा झाला. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, दंगा शहरात फिरला. संचारबंदी पुकारावी लागली. दोन माणसे प्राणास मुकली. त्यांतील एक बौद्ध होता आणि एक मुस्लिम. पुढे तपासात असे उघड झाले, की अत्याचाराची ती फिर्यादच खोटी होती. पैसे घेऊन ती दाखल करण्यात आली होती. खोट्या वार्तेने मारताना धर्म पाहिला नाही.

आता प्रश्न असा, की ही वार्ता हजारो लोकांपुढे कोणी ठेवली? लिहिणारा एक होता, पुढे पाठविणारे हजारो होते. पण निवडणारा कोण होता?

समाजमाध्यमांचे काम कसे चालते, हे थोडे समजून घेतले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर सापडते. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारखी माध्यमे वापरणाऱ्याकडून सहसा पैसे घेत नाहीत. त्यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येते. वाचक जितका वेळ पडद्यासमोर बसेल, तितक्या जाहिराती त्याला दाखविता येतात. म्हणून कोणता मजकूर कोणापुढे आधी आणावयाचा, हे ठरविताना यंत्र असा हिशेब करते, की हा मनुष्य कशावर थांबेल, कशास पसंती देईल, कशावर काही लिहील, काय दुसऱ्यास पाठवील. मजकूर खरा आहे काय, हा त्या हिशेबातील पहिला प्रश्न नसतो. मनुष्याचा स्वभाव तर असा, की शांत व समतोल मजकुरापाशी तो क्षणभर थांबतो आणि राग किंवा भीती उत्पन्न करणाऱ्या मजकुरापाशी खिळून राहतो. तेव्हा संपादकाची खुर्ची रिकामी नाही. तिच्यावर एक हिशेब बसलेला आहे. तो चोवीस तास निवड करतो, परंतु चुकीबद्दल न्यायालयापुढे तो उभा राहत नाही.

हा दोष सर्वस्वी यंत्राचा आहे, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० वार्तांचा अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खरी वार्ता पुढे पाठविली जाण्याचा जितका संभव होता, त्याहून खोटी वार्ता पुढे पाठविली जाण्याचा संभव ७० टक्क्यांनी अधिक आढळला. विशेष म्हणजे या फरकाचे कारण आपोआप चालणारी बनावट खाती नसून माणसेच होती. खोटी वार्ता नवलाची वाटते, आणि नवल दुसऱ्याला सांगावयाची घाई प्रत्येकालाच असते.

समाजमाध्यमे मतावर आणखी दोन प्रकारांनी परिणाम करतात. एक म्हणजे ‘सर्वांनाच असे वाटते’ हा भास. एका मनुष्याला एका बाजूचाच मजकूर वारंवार दिसू लागला, की सारे जग आपल्याच मताचे आहे, असे त्याला वाटू लागते. गावात शंभर घरे असावीत आणि दहाच घरांतला आवाज ऐकू यावा, तर त्या दहांचे बोलणे गावाचे बोलणे वाटते, तसाच हा प्रकार होय. दुसरा प्रकार म्हणजे बोलणाऱ्याचे तोंड झाकलेले असणे. म्यानमारमध्ये करमणूक, सौंदर्यप्रसाधने व सर्वसाधारण माहिती देणारी म्हणून लोकप्रिय झालेली काही पाने वस्तुतः लष्कराशी संबंधित होती, असे २०१८ साली उघड झाले व फेसबुकने ती काढून टाकली. गाण्यासाठी व गप्पांसाठी जेथे लोक गेले, तेथे त्यांच्या मनात द्वेष पेरला जात होता. आणि पेरणारा कोण, हे त्यांस ठाऊक नव्हते.

हा द्वेष प्रामुख्याने रोहिंग्या या मुस्लिम समाजाविरुद्ध होता. हा समाज म्यानमारच्या पश्चिमेकडील राखाइन प्रांतात राहतो. १९८२ च्या कायद्याप्रमाणे त्यांतील बहुतेकांस नागरिकत्वाचे हक्क नव्हते. त्यांच्याविषयीचा पूर्वग्रह फेसबुक येण्याच्या कितीतरी आधीचा होता. समाजमाध्यमाने तो निर्माण केला नाही. जुन्या निखाऱ्यावर त्याने फुंकर घातली. ऑगस्ट २०१७ मध्ये एका सशस्त्र रोहिंग्या गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर लष्कराने जी कारवाई केली, तीत गावेच्या गावे जाळण्यात आली आणि सात लाखांहून अधिक रोहिंग्या शेजारच्या बांगलादेशात पळून गेले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष मारझुकी दारुस्मान यांनी मार्च २०१८ मध्ये सांगितले, की हा द्वेष वाढविण्यात समाजमाध्यमांचा वाटा निर्णायक होता. ऑगस्ट २०१८ मध्ये फेसबुकने लष्करप्रमुखांसह अनेकांची खाती व पाने बंद केली. बंद केलेल्या पानांच्या व खात्यांच्या अनुयायांची संख्या जवळपास १ कोटी २० लाख होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने मान्य केले, की आपल्या माध्यमाचा असा वापर रोखण्यासाठी आपण पुरेसे केले नव्हते. आरंभीच्या वर्षांत ब्रह्मी भाषा जाणणारे तिचे परीक्षक हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. ज्या भाषेतील मजकूर वाचावयास माणसे नाहीत, त्या भाषेत कोट्यवधी लोकांना लिहू देणे म्हणजे दिव्यांवाचून रस्ते खुले करण्यासारखे होते.

येथवरची हकीकत वाचून कोणी म्हणेल, की ही माध्यमे सर्वथा वाईटच होत. तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्याच देशात ने फोन लाट नावाच्या लेखकाने पूर्वी लष्करी राजवटीत तुरुंगवास सोसला होता. मंडालेच्या दंग्यापूर्वी, एप्रिल २०१४ मध्ये, त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी द्वेषाच्या भाषणाविरुद्ध एक चळवळ सुरू केली. ‘पन्झगर’ हे तिचे नाव. त्याचा अर्थ फुलांची वाणी. तरुण मुलेमुली तोंडात फूल धरून आपली छायाचित्रे फेसबुकवर लावीत. आमच्या तोंडून विखार बाहेर पडणार नाही, असा त्याचा भावार्थ होता. पुढे १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने निवडून आलेल्या पक्षाची सत्ता बळकावली, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी फेसबुकच बंद पाडण्याचा प्रयत्न केला. कारण आता लोक त्याच माध्यमातून लष्कराविरुद्ध संघटित होऊ लागले होते. लष्कराचा जुलूम स्वतःच्या वाट्यास आला, तेव्हा अनेकांचे डोळे उघडले. पूर्वी आपण लष्कराच्या प्रचारावर विश्वास ठेवला, असे म्हणून कित्येक तरुणांनी समाजमाध्यमांतूनच रोहिंग्यांची जाहीर क्षमा मागितली. त्या क्षमेने जळालेली गावे परत आली नाहीत. तथापि घडलेले मत बदलू शकते, एवढे तिने दाखविले.

समाजमाध्यमांच्या सामर्थ्याची अतिशयोक्ती करणेही बरोबर नाही. २०२० च्या अमेरिकेतील निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी काही हजार लोकांपुढे येणाऱ्या मजकुराचा क्रम सुमारे तीन महिने बदलून पाहिला. यंत्राच्या निवडीऐवजी केवळ काळाच्या क्रमाने मजकूर दाखविला, तरी त्यांच्या राजकीय मतांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले. म्हणजे मनुष्याचे मन काही ओल्या मातीचा गोळा नव्हे, की कोणीही यावे आणि तीन महिन्यांत त्यास हवा तो आकार द्यावा. त्यावर अनेक वर्षांचे थर असतात. परंतु म्यानमारसारख्या ठिकाणी, जेथे पूर्वग्रह आधीच खोल गेलेला होता आणि बातमी पडताळून पाहण्याची दुसरी साधने थोडी होती, तेथे तेच माध्यम फार घातक ठरले. बी, जमीन आणि पाणी ही तिन्ही मिळाल्यावाचून पीक येत नाही. विषाच्या पिकालाही हा नियम लागू आहे.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. ते भिक्षुकीवर उपजीविका करणाऱ्या भटक्या जमातीचे लोक होते. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा त्या वेळी फोनवरून सर्वत्र फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. मर्यादा घातली ते चांगलेच झाले. परंतु पाचांपैकी पहिल्या ठिकाणी पाठवावे की नाही, हे ठरविणारा कोणताही नियम यंत्रात बसविता येत नाही. तो पाठविणाऱ्याच्या मनातच असावा लागतो.

पूर्वी गावात वर्तमानपत्राचा संपादक एखादाच असे, किंबहुना नसेच. आज ज्याच्या हाती फोन आहे, तो प्रत्येक मनुष्य थोडाबहुत संपादक झाला आहे. संदेश पुढे पाठविणारा निवड करीत असतो, आणि निवड आली की जबाबदारी आली. म्हणून चांगल्या संपादकाचे तीन प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत. हे सांगणारा कोण आहे आणि त्याचे नाव उघड आहे काय? ही गोष्ट दुसऱ्या विश्वसनीय ठिकाणीही सांगितलेली आहे काय? आणि ही वाचून मला जो राग आला, तो राग यावा म्हणूनच ती लिहिलेली नाही ना? तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. विरुद्ध पक्षाचे असत्य मनुष्य सहज ओळखतो. आपल्या आवडत्या पक्षाचे असत्य त्याला सत्यासारखे गोड लागते. जो आपल्या बाजूची वार्ताही तितक्याच काटेकोरपणे तपासतो, त्याचेच मत खऱ्या अर्थाने त्याचे स्वतःचे असते.

भारतात १९८९ पासून १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास मतदानाचा हक्क आहे. तो हक्क वापरण्याचा दिवस वर्षे मोजून येतो. पण त्या दिवशी द्यावयाचे मत त्याआधी कितीतरी वर्षे मनात घडत असते. ते घडविणारा कोण, याकडे ज्याचे लक्ष असते, तोच जागा नागरिक. मतदानकेंद्रात मतदार एकटाच आत जातो, दुसरे कोणी बरोबर नसते, याचे कारण तो निर्णय त्याचाच असावा, हे आहे. मग केंद्रात जाण्यापूर्वीही तो त्याचाच असावयास हवा.

स्वाध्याय

१. ‘मत’ या शब्दाचे दोन अर्थ कोणते? त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.

२. कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांस शिक्षा का झाली? त्यावरून कोणता बोध होतो?

३. समाजमाध्यमांवर कोणता मजकूर आधी दाखवावा, हे कशावरून ठरते?

४. ‘समाजमाध्यमाने पूर्वग्रह निर्माण केला नाही, जुन्या निखाऱ्यावर त्याने फुंकर घातली.’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरण देऊन सांगा.

५. पुढील शब्दांचा व शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : प्राणास मुकणे, निष्पन्न होणे, जबाबदारी झटकणे, डोळे उघडणे, पूर्वग्रह.

६. घरी अथवा गावात कानांवर आलेली एखादी वार्ता घ्या. पाठात सांगितलेले तीन प्रश्न तिला लावून पाहा व काय आढळले ते दहा ओळींत लिहा.